साम्य, भेद आणि एक उत्तरपत्रिका

'तुलना करा' असा प्रश्न दिसला की आमची मुले आधी पट्टी काढतात. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे साम्य, उजवीकडे भेद. ही रेघ मारायला त्यांना मीच शिकवले, हे येथे कबूल केलेले बरे. त्याच रेघेने गेल्या वर्षी मला तोंडघशी पाडले.

तृतीय वर्षाच्या वर्गाला मी 'ब्यूटी अँड द बीस्ट' या परीकथेवरचे दोन चित्रपट दाखवले. एक झाँ कॉक्तोचा, १९४६ सालचा, फ्रेंच आणि कृष्णधवल. दुसरा डिस्नेचा, १९९१ चा रंगीत चित्रपट. मग अंतर्गत परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न घातला. मुलांनी रकाने भरभरून लिहिले. कॉक्तोकडे बाप व्यापारी, डिस्नेकडे यंत्रे बनविणारा. तिकडे बहिणी आहेत, इकडे नाहीत. तिकडे भिंतीतून माणसांचे हात बाहेर येऊन मेणबत्त्या धरतात, इकडे शमादान स्वतःच गाणे म्हणते. गुलाब दोन्हीकडे आहे. पण तिकडे तो मुलीने बापाकडे मागितलेली भेट, आणि इकडे शापाची मुदत मोजणारे घड्याळ. सारे बरोबर होते. मी भराभर आठ-आठ गुण देत सुटलो.

एका मुलीने मात्र रेघच मारली नव्हती. दीड पानभर तिने एकच प्रसंग धरला होता : श्वापदाचा राजपुत्र होतो तो. डिस्नेची नायिका त्या परक्या चेहऱ्याकडे साशंकपणे पाहते, डोळ्यांवरून त्याला ओळखते, आणि तिचे समाधान होते. कॉक्तोच्या नायिकेपुढे उभा राहतो तो हुबेहूब भावाच्या मित्रासारखा, आवनाँसारखा. ज्याची मागणी तिने आरंभीच नाकारली होती! (श्वापद, राजपुत्र आणि आवनाँ, तिन्ही झाँ मारे या एकाच नटाने रंगवले आहेत.) "हवे होते ते गेले आणि नको होते ते परत आले," असे त्या मुलीने लिहिले होते. मी समासात 'साम्ये कोठे?' असे लाल शाईने खरडून चार गुण दिले.

ती भेटायला आली ती गुणांसाठी नव्हे. "सर, शेवटी तिला आनंद झाला का हो?" एवढेच तिने विचारले. इतकी वर्षे हा चित्रपट शिकवूनही मला उत्तर देता येईना.

त्या रात्री चित्रपट पुन्हा लावला. राजपुत्र नायिकेला विचारतो, तुझे आवनाँवर प्रेम होते का? ती 'हो' म्हणते. म्हणजे 'नको होते' हेही पुरते खरे नव्हे! दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या ऐटीत हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग बापाला सोडता येत नाही, एवढ्यासाठीच तिने नकार दिला होता का, सर?"

मागच्या बाकावरून कोणीतरी 'नाही' म्हणाले, खिडकीजवळून कोणी 'हो'. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

गुण तोवर कार्यालयात जाऊन पोचले होते. ते चारच राहिले. ती यंदा पदवी घेऊन गेली. हा अंक तिच्या हाती पडेल की नाही, ठाऊक नाही.