भरल्या ताटावरून

आपल्या घरांतून माया बोलून दाखवायची पद्धत नाही. ती वाढून दाखवायची असते. मुलगा परीक्षेहून आला, की ‘पेपर कसा गेला?’ याच्या आधी ‘काही खाल्लेस का?’ हा प्रश्न येतो. रुसलेल्या माणसाची समजूत ताटावरच निघते. अशा घरात एखादी मुलगी ‘मला भूक नाही’ असे रोज म्हणू लागली, तर त्याचा अर्थ लावायला आपल्याजवळ दोनच शब्द असतात. एक ‘नखरे’ आणि दुसरा ‘दृष्ट’.

तिसरा शब्द मी शिकले तो माझ्या भाचीमुळे. सोळा वर्षांची, वर्गात पहिली, वहीत एक रेघ वाकडी गेली तर पान फाडून टाकणारी पोर. तिने आधी गोड सोडले, मग भात. मग संकष्टी धरली, एकादशी धरली, सोमवार आणि गुरुवारही धरले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून आपण हसतो. ही साबुदाण्याच्या खिचडीकडेही बघेना. येणारी-जाणारी माणसे ‘काय छान बारीक झालीस गं!’ म्हणून शाबासकी देऊन जात. आणि नवल असे, की पाककृतींच्या वह्या भरत होती तीच. त्या वर्षी आईच्या हातातला झारा काढून घेऊन सगळा फराळ तिनेच केला. सर्वांना आग्रह करकरून वाढले आणि स्वतः मात्र एका शंकरपाळ्याचे चार तुकडे करून बशीपुढे पाऊण तास बसून राहिली.

ओळखले ते तिच्या आजीने. डॉक्टरी पुस्तक जन्मात न उघडलेल्या त्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले : “एवढ्या उकाड्यात ही स्वेटर घालून का बसते? आणि तीन महिने हिची पाळी कुठे गेली?”

डॉक्टरांनी नाव सांगितले, ॲनोरेक्सिया नर्व्होसा. मला वाटले, हा काल-परवाचा, सिनेमा आणि मोबाइलने आणलेला रोग असेल. पण १८७३ सालीच लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या डॉ. लासेग यांनी, एकमेकांच्या नकळत, अशाच मुलींची हकीकत मांडली होती. नावाचा अर्थ ‘भूक नसणे’. पण नाव फसवे आहे. भूक असते. तिच्याशी रात्रंदिवस झुंज चाललेली असते आणि आरशात हाडे दिसत असली तरी मनाला लठ्ठपणाच दिसत असतो. या रोगाची दोन भावंडेही आहेत. बुलिमियात माणूस चोरून भराभर खातो आणि मग ओकून टाकतो. वजन बहुधा बेताचेच राहत असल्याने घरच्यांना पत्ताही लागत नाही. डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचे वर्णन केले. तिसऱ्यात ओकणे नसते; आवरता न येणारे खाणे आणि मागाहून शरमेने जीव अर्धा होणे, एवढेच असते.

पाककृतींच्या वह्यांचे कोडे मला सुटले ते एका जुन्या प्रयोगाने. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले. ते तरुण चिडखोर झाले, एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. आणि पाकशास्त्राची पुस्तके वाचत, एकेका घासावर ते रेंगाळू लागले. म्हणजे मन बिघडते म्हणून उपास घडतो, आणि उपास घडतो म्हणून मन आणखी बिघडते. या चक्रातून ‘मनाचा निग्रह कर’ म्हणून कुणी बाहेर येत नाही.

कारण एक नसते. काही भाग रक्तातून येतो. काही स्वभावातून, सगळे नेटके असण्याच्या हट्टातून. त्यावर वयाचा ताण, कुणी केलेली ‘जाडी’ची थट्टा आणि वजन उतरवण्याचे खूळ येऊन पडते. मुलगेही यातून सुटत नाहीत. त्यांचे वेड व्यायामशाळेच्या नावाखाली खपून जाते. आईचे वळण चुकले, असे मात्र कुणी म्हणू नये.

खुणा ताटाभोवतीच असतात. चारचौघांत जेवणे टाळणे, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ हे रोजचे उत्तर, ढगळ कपडे, केस गळणे, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन नळ सोडणे, दातांची झीज, बोटांच्या पेरांवरचे घट्टे. चक्कर आली, छातीत धडधडू लागले, तर एक दिवसही थांबू नये. मनाच्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. उपासाने आणि ओकाऱ्यांनी हृदयच दगा देते.

उपाय आहे, पण तो सावकाश गुण देतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या सुमारास आकाराला आलेल्या पद्धतीत आईबापांना दोष न देता उपचारात घेतात. प्रत्येक जेवणाला कुणीतरी शेजारी बसायचे, रागवायचे नाही आणि उठायचेही नाही. माझी बहीण अशी दीड वर्ष बसली. भाची आता कॉलेजात जाते, चारचौघींसारखी जेवते; परीक्षा जवळ आली, की घरातली माणसे अजून हळूच तिच्या ताटाकडे पाहतात. कुणाकडे जावे हे सुचत नसेल, त्यांनी सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर विचारावे.

दिवाळीत आता घरोघर जाणे-येणे होईल. दारात पाऊल ठेवताच ‘सुटलीस गं!’ किंवा ‘किती छान बारीक झालीस!’ म्हणायची आपली जुनी खोड आहे. यंदा ती उंबऱ्याबाहेर ठेवावी. पोरीला विचारायला अभ्यास आहे, मैत्रिणी आहेत, दाराशी तिने काढलेली रांगोळी आहे.