तळहाताची ऊब आणि अर्धशिशी
अर्धशिशीच्या उपचारात जैवप्रतिसाद, म्हणजे शरीरातील एरवी न जाणवणारे बदल उपकरणाने मोजून ते रुग्णालाच तत्क्षणी दाखविण्याची पद्धती, पुढे आली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील टोपीका येथील मेनिंजर प्रतिष्ठानात. तेथे जोसेफ सार्जंट आणि एल्मर ग्रीन यांनी रुग्णांकडून बोटाला लावलेल्या तापमापकाकडे पाहत हात उबदार करण्याचा सराव करून घेतला. ताण वाढला की अनुकंपी चेतासंस्था बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते व हात गार पडतात; त्या सैलावल्या की काटा किंचित वर सरकतो, परंतु हात तापवायचाच असा हट्ट धरला की बहुधा तो खाली येतो, आणि खरी मेख येथेच आहे. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या सजगतेच्या अभ्यासक्रमातही वेदनेशी न झगडता तिच्याकडे तटस्थपणे पाहण्यास शिकविले जाते. इगतपुरीची विपश्यना ठाऊक असलेल्या वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. मात्र डोके ठणकत असताना, उजेडही सोसवत नसताना, काट्याकडे पाहणे कोणाला जमणार? म्हणून हा सराव बऱ्या दिवसांतच करावा लागतो, आणि नेमकी त्याच दिवसांत रुग्णाला आजाराची आठवणही नकोशी असते.