गुडघ्याचा मुहूर्त

लग्नाचा मुहूर्त भटजी काढून देतात, लावणीचा मुहूर्त पाऊस काढून देतो. गुडघ्याचा मुहूर्त मात्र ज्याचा त्यानेच काढावयाचा असतो, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

गेली चार वर्षे आमचा उजवा गुडघा कुरकुरतो आहे. प्रथम तो केवळ जिना उतरताना बोले. पुढे चढतानाही बोलू लागला. आणि आता वर्गात तासभर उभे राहिलो की आमच्याहून मोठ्या आवाजात व्याख्यान देतो. आमचे अच्छाड हे सीमेवरचे गाव. चार पावले पुढे गेले की गुजरात लागतो. तेव्हा दुखणे दाखवावयास आम्ही वापीस गेलो. तेथील अस्थिवैद्यांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरले आणि मांडीचे हाड नडगीच्या हाडावर कसे टेकले आहे, मधली कूर्चा कशी झिजून गेली आहे, ते दाखविले. "मग कापावयाचे केव्हा?" आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, शस्त्रक्रिया चित्रावर करीत नाहीत, माणसावर करतात. केव्हा, ते तुम्ही सांगावयाचे."

प्राध्यापकाला अडचण आली की तो ग्रंथ उघडतो. आम्हीही उघडले. बर्लिनच्या ग्लुक नावाच्या शस्त्रवैद्याने 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. पण जंतुदोषापुढे त्याचे काही चालले नाही. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा खरा पूर्वज 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कला जन्मला. त्याच्या जनकांपैकी एक डॉ. चित्तरंजन राणावत. याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये बदलला. वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरी गाठलेले होते. तेव्हापासून हा विषय घरोघरच्या ओसरीवर आला. वास्तविक 'बदलला' हा शब्दही फसवा आहे. सबंध सांधा काढून टाकीत नाहीत. हाडांची झिजलेली टोके थोडी तासून त्यांवर धातूचे टोपण चढवितात आणि मध्ये प्लास्टिकची गादी ठेवतात.

खर्चाची सबब पुढे करावी, तर तीही लंगडी निघाली. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली; दीड लाखांहून अधिक किमतीला मिळणारा नेहमीचा सांधा 54,720 रुपये अधिक कर इतक्यावर आला. इस्पितळाचा खर्च निराळा, हे खरे. तरी एक मोठे निमित्त हातचे गेलेच.

उरला वयाचा प्रश्न. त्याच 2017 साली इंग्लंडमधील संशोधकांनी असे दाखविले की, सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्या शंभरांतल्या सुमारे पाचांनाच उर्वरित आयुष्यात तो पुन्हा करून घ्यावा लागतो. पन्नाशीच्या आरंभी बदलणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण शंभरी पस्तिसावर जाते. अर्थात घाई नको. पण फार उशीरही नको. कारण मांडीचे स्नायू सुकतात, पाय वाकतो, सांधा आखडतो, आणि मग उत्तम शस्त्रक्रियाही पूर्वीची चाल परत देत नाही.

म्हणून आम्ही मध्यम मार्ग धरला. रोज सकाळी पाटीवर उताणे पडून पाय ताठ उचलण्याचा व्यायाम आरंभिला आणि रात्रीचा भात निम्म्यावर आणला. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो, असे वाचले होते. सहा किलो उतरले. त्या सहा किलोंनी आम्हांला एक वर्ष मिळवून दिले, अधिक नाही. मग आम्ही पुन्हा 'उन्हाळा जाऊ दे', 'परीक्षा होऊ देत' असे म्हणू लागलो. एकदा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही तारीख शोधीत नाही, निमित्त शोधता आहात."

या गोष्टीचा निकाल लागला तो एका लग्नात. आमचा एक जुना वारली विद्यार्थी तलासरीकडच्या एका पाड्यावर राहतो. रस्ता संपल्यावर शेताच्या बांधावरून अर्धा तास चालावे लागते. त्याच्या घरच्या दोन कार्यांस आम्ही चिठ्ठी पाठवून क्षमा मागितली होती. या वेळी त्याने मोटारसायकलवरून कसेबसे नेले. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला होता. अंगणात तारप्याभोवती नाचणारी माणसे भिंतीवरच्या चित्रांसारखीच गुडघ्यांत लवून फेर धरीत होती. आमच्यासाठी शेजारून एक खुर्ची आणली होती. तीवर बसून आम्ही पाहत होतो, तोच त्याची आजी जवळ आली आणि मागच्या दोन खेपांस का आला नाहीत, असे तिने विचारले. गुडघा दुखतो, असे सांगावे, तर तिचा हात आपल्याच गुडघ्यावर होता. सारा जन्म चिखलात लावणी केलेला तो गुडघा आमच्याहून बरा नव्हता. आम्हांला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन आम्ही एक यादी केली. वर्षभरात गुडघा किती दिवस दुखला, ती नव्हे. त्याच्यापायी कोठे कोठे 'येत नाही' म्हटले, ती. डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा, तिसऱ्या मजल्यावरचा स्नेही, पाड्यावरची दोन कार्ये... कागद भरला. दुखणे आम्ही सोसत होतो. पण त्याची किंमत इतर माणसे भरीत होती.

शस्त्रक्रियेनंतरही मांडी घालून पंगतीस बसता येईल, असे वैद्य म्हणत नाहीत. पाचांतला एखादा पुरता समाधानी होत नाही, हेही आम्ही वाचले आहे. म्हणजे खुर्ची राहणारच. पण खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी जाता आले, तर तेवढे पुष्कळ आहे.

सौभाग्यवतींनी दिनदर्शिकेत दिवाळीच्या सुट्टीतल्या एका सोमवारी पेन्सिलीने खूण केली. आम्ही ती शाईने गिरविली.