दोन कसोट्या, दोन बळी

काशीगाव, २८ जून २०२४
गयानातल्या पावसामुळे टी-२० विश्वचषकातला इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला. ६८ धावांनी जिंकलो. कॅमेरा मुख्य कोच द्रविडवरून सरकला तसं शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, बाजूला कोण?"
"पारस म्हांब्रे. आपल्या मुंबईचे. २०२१पासून बोलिंग कोच आहेत."
"इंडियाकडून खेळलेत?"
"दोन कसोट्या, तीन वनडे."
"बस्स?"
मुंबईसाठीची वर्षानुवर्षांची गोलंदाजी आणि प्रथम श्रेणीतले २८४ बळी या पोरांच्या हिशेबात धरत नाहीत.

३० जून
बार्बाडोसची फायनल. अक्षरच्या एका षटकात २४ गेल्या. आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या. मी उठून पाणी पिऊन आलो. मग बुमराहनं सोळाव्यात ४ दिल्या, अठराव्यात २, एकोणिसाव्यात अर्शदीपनं ४. सात धावांनी विश्वचषक! काशीमिरा नाक्यावर पहाटेपर्यंत हॉर्न. सूर्याचा झेल शंभरदा दाखवतील, दाखवावाच. पण सामना या तीन षटकांनी आणि हार्दिकनं काढलेल्या क्लासेननं फिरवला.

१ जुलै
जुने आकडे चाळत बसलो. जून १९९६, एजबॅस्टन. म्हांब्रे आणि आताचे बॅटिंग कोच विक्रम राठोड यांची पहिली कसोटी एकच. म्हांब्रेंचा पहिला बळी इंग्लंडचा कप्तान आथरटन. पुढची कसोटी लॉर्ड्सवर, २० जूनला सुरू झाली. त्याच दिवशी म्हांब्रे २४ वर्षांचे झाले आणि द्रविड पहिली कसोटी खेळायला उतरला. म्हांब्रेंची ती शेवटची ठरली. अठ्ठावीस वर्षांनी बार्बाडोसला तिघंही डगआउटमध्ये!

३ जुलै
पार्किंगमध्ये पोरांचे यॉर्कर चाललेत. स्टंपच्या जागी चप्पल, चेंडू टेनिसचा आणि ओला. हातातून निसटला की थेट मेट्रोच्या पत्र्यांपलीकडे. शेजारच्या पोराला पकड दाखवली: दोन बोटं वर, अंगठा खाली, तळहात मोकळा. दर चेंडूआधी शर्टाला पूस म्हटलं. भर पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्यांना हे सांगावं लागत नसे.

५ जुलै
काल संघाच्या विजययात्रेला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र. मी टीव्हीसमोरच.

७ जुलै
पोराचा प्रश्न, "बुमराहला कोच काय शिकवणार?" टॉम हाउस आठवला. बेसबॉलचा साधारणसा पिचर. १९७४मध्ये हँक आरनचा ७१५वा होमरन त्यानं बुलपेनमध्ये झेलला, हीच त्याची खेळाडू म्हणून मोठी ओळख. पुढं नोलन रायनसारख्याचा कोच झाला. भाला फेकणाऱ्या आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेललाही पिचिंग त्यानंच शिकवलं. ज्याला उपजत सगळं येतं त्याला दुसऱ्याचं कुठं अडतं ते दिसत नाही, असं माझं मत.
म्हांब्रेंनी तर बंगालला लागोपाठ दोन रणजी फायनल गाठून दिल्या. दोन्ही हरले, दुसरी मुंबईकडूनच! २०२०मध्ये १९ वर्षांखालच्या पोरांचे मुख्य कोच. त्यांच्या विश्वचषकाची फायनलही गेली.

११ जुलै
पेपरात बातमी: विश्वचषकाच्या बक्षिसातून खेळाडूंप्रमाणे द्रविडला पाच कोटी, बाकीच्या कोचना अडीच. द्रविडनं अडीचच मागून घेतले. म्हांब्रेंइतकेच, राठोडइतकेच. पटलं.

१७ ऑक्टोबर
भारतीय संघाचा बोलिंग कोच आता मॉर्ने मॉर्केल आहे. म्हांब्रेंना मुंबई इंडियन्सनं परत बोलावलं. मलिंगाच्या जोडीनं गोलंदाजांचं बघतील.