पांढऱ्यावर पांढरं

गेल्या विकांताला जालावरून एक बगळा उतरवला. ओहारा कोसोन (१८७७-१९४५) या जपानी चित्रकाराचा, बर्फातला. आमच्या बदलापूरला भातखाचरांत दिसतात तसाच, थंडी तेवढी जास्त :-) मोठ्या साईझची प्रिंट मारून आणली आणि ऐटीत टेबलावर पसरली.

बाबांना हल्ली मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांनी बगळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्याला उठाव कुठाय रे?"

बाबा उल्हासनगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांवर गणपती उठवायचे. ट्रेडल मशीनवर पितळी डाय, समोर पुठ्ठ्याचा उलटा साचा, मध्ये कागद. शाई नाहीच, नुसता दाब.

म्हटलं बघू तरी, आणि शोधत बसलो. बाबांचं बरोबर निघालं! जपानी फुलापक्ष्यांच्या चित्रांत (त्यांना काचो-ए म्हणतात) पांढरी पिसं बरेचदा रंगवतच नाहीत. कोरलेल्या लाकडी ठोकळ्याला शाई न लावता त्यावर ओलसर कागद पालथा घालायचा आणि मागून घासायचा. रेषा कागदात रुततात. याला काराझुरी म्हणतात, म्हणजे रिकामी छपाई. दुसरा प्रकार किमेदाशी. त्यात कागद ठोकळ्यातल्या खोलगट भागात दाबतात, मग पक्ष्याचं अंग वर येतं. जोर लावायला कारागीर चक्क कोपर वापरायचे. साधा कागद फाटेल की! पण १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रं आली, ती जाड, चिवट होशो कागदावर. तो हे सगळं सोसतो.

आणि हे दिसतं फक्त बाजूने उजेड आला तर. स्कॅनरचा उजेड सरळ पडला की पिसं गायब. म्हणजे मी ऐटीत आणला होता तो बगळ्याच्या आकाराचा कोरा कागद.

बाबांना हे वाचून दाखवलं. कोपराचं ऐकून खूश झाले. मग कपाटातून ताईची लग्नपत्रिका काढायला लावली, २००४ सालची, गणपती त्यांनीच उठवलेला. वीस वर्षं साड्यांच्या घडीखाली होती. मी खिडकीशी तिरकी धरून पाहिली. सोंड सपाट झाली होती. जुन्या जपानी चित्रांचंही असंच होतं म्हणे, मागून कागद चिकटवून दाबली की उठाव जातो.

बाबांनी बोट फिरवलं, दोनदा. "आहे अजून," म्हणाले, "कानापाशी बघ."

मला नाही लागलं काही.