भाड्याची भांडी

गेल्या माघात आमच्या पुतणीचे लग्न झाले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी, समुद्राला लागून असलेल्या घरच्या वाडीत, उघड्या आकाशाखाली. कायद्याने लग्न आधीच लागले होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटिशीचे तीस दिवस भरून, तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. वाडीत व्हायचे होते ते एकमेकांना हार घालणे आणि तीनशे माणसांचे जेवण. थोरले बंधू निसर्ग वादळाच्या पुढच्या वर्षी गेले. त्यामुळे लग्नाची यादी करण्याचे काम पुतणीच्या काका-काकूंकडे, म्हणजे आमच्याकडे आले. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात आम्ही शके ९८२ (इ.स. १०६०) च्या दिवेआगरच्या ताम्रपटाविषयी बोलतो; तो याच तालुक्यातला, आणि तीही शेवटी व्यवहाराचीच नोंद. पण स्वतः व्यवहाराची यादी लिहायला बसलो तेव्हा कळले, की तिच्यात जे लिहिले जाते त्याइतकेच जे गाळले जाते तेही वाचायचे असते.

पहिला प्रश्न दिवसाचा. मुलगा महाडचा, घर बौद्ध. त्यांना मुहूर्त नको होता आणि पुतणीलाही नको होता. तरी पंचांग उघडावे लागलेच, कारण समुद्राला ते हवे होते. शेजारच्या कोळीवाड्यातले एक वयस्क गृहस्थ अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळायचे आणि संध्याकाळी पाणी ओसरत असेल असा दिवस धरायचा, म्हणजे पंचमी बरी : पावणेचारला पूर्ण भरती, आणि दिवेलागणीला किनारा मोकळा. आयुष्यभर ज्या पुस्तकात लोकांना शुभाशुभ पाहताना आम्ही पाहिले, त्याच पुस्तकातून त्या दिवशी नुसती पाण्याची पातळी वाचली. वद्य पंचमी ठरली.

मांडव वाळूवर घालायचा नाही, हेही लवकर ठरले. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. तेव्हापासून भरतीरेषेजवळ काहीही उभारायचे तर परवानगी आधी पाहावी लागते. शिवाय माघ म्हणजे कासवांचे दिवस. ऑलिव्ह रिडले कासवे याच सुमारास आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाकडे धावत सुटतात. तो उजेड समुद्राच्या बाजूचा नसेल तर ती वाट चुकतात. म्हणून मांडव वाडीत, दिव्यांची तोंडे घराकडे, आणि किनाऱ्यावर फक्त हार घालण्यापुरती अर्ध्या तासाची गर्दी, असे केले.

वाडी म्हणताना आमचा आवाज अजून थोडा अडखळतो. ३ जून २०२० रोजी वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढले आणि एका दुपारीत बहुतेक माड-पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपे लावली आहेत, पण ती अजून कमरेएवढी नि डोक्याएवढी. ज्या वाडीत कधी मांडवाला छप्पर लागले नव्हते, माडांचे छप्पर होतेच, तिथे आता कापड, बांबू आणि दोर भाड्याने आणायचे होते. आणि सोलकढीसाठी नारळ विकत. वहिनींना हे यादीत लिहिलेले दिसले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. "नारळ – १५०" या ओळीवरून त्यांनी नुसते बोट फिरवले.

यादीचा हा भाग आम्ही मन लावून केला, आणि खरे सांगायचे तर त्यात रमलो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून मांडवाची पश्चिमेची कनात ताणून बांधायची नाही, वारा खालून निघून जाईल इतकी ती वर घ्यायची. वाळूमिश्रित जमिनीत खांब धरत नाहीत; खड्डा दुप्पट खोल, आणि बुडाशी वाळूची पोती. शेगड्यांना तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा, नाहीतर आच पातेल्याला लागण्याऐवजी वाऱ्याला लागते आणि सिलिंडर भलतीकडेच संपतो. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे; पानाच्या पत्रावळी हलक्या, वाऱ्यावर उडणाऱ्या; तेव्हा स्टीलची ताटे, तीनशे अधिक वीस. तांदूळ पस्तीस किलो. आचाऱ्याने बजावले की वाटलेल्या खोबऱ्याचे काहीही सकाळी करून ठेवायचे नाही, खाऱ्या दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत विटते. म्हणून नारळाचे दूध पाच वाजता काढायचे आणि आमसुलाचा आगळ तोवर वेगळा ठेवायचा. वालाचे बिरडे, मसालेभात, अळूचे फदफदे, जिलेबी, मठ्ठा. मासळीचा प्रश्न आम्ही भीतभीतच काढला : हवी तर दुसरी चूल मांडू, थोडी लांब. व्याही हसले. "दोन चुली कशाला मांडता? मासे आम्ही रोज खातो. तुमच्याकडचं बिरडं खायला येतोय." दुसरी चूल यादीतून खोडली. ती आमच्या मनात कुठून आली होती, याचा विचार त्या क्षणी केला नाही.

भांड्यांच्या ओळीवर मात्र तो करावा लागला.

आमच्या घराच्या माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी आहेत. पाण्याचे मोठे हंडे, घागरी, पराती, शंभर माणसांचा भात शिजेल असे टोप. पणजोबांनी ती केली. प्रत्येकावर त्यांचे नाव आणि शक घातलेला. लहानपणी आम्हांला अभिमानाने सांगत, की गावातले कुठलेही लग्न या भांड्यांशिवाय झालेले नाही. भांडी मागायला कोणी आले आणि रिकाम्या हाताने गेले असे कधी घडले नाही. ही गोष्ट खोटी नव्हती. ती अपुरी होती. गावातले "कुठलेही" लग्न म्हणजे ठरावीक आळ्यांमधले लग्न. वाडीत नारळ पाडणारे, शाकारणी करणारे, वयाची साठ वर्षे आमच्या बांधावर काम केलेले लोक भांडी मागायला कधी आलेच नाहीत, म्हणून रिकाम्या हाताने गेले नाहीत. ज्यांना भांडी द्यायची नाहीत त्यांची यादी कोणी लिहिली नव्हती. लिहायची गरजच नव्हती.

आम्ही वहिनींना विचारले, माळ्यावरची भांडी काढायची का? त्या म्हणाल्या, "कशाला भावजी, घासणार कोण? कल्हई नाही. सगळं भाड्यानंच आणा." कारणे अगदी खरी होती. बिनकल्हईच्या पितळेत आमसुलाचा पदार्थ करता येतच नाही. पण पाण्याच्या हंड्यांना कल्हई लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हांलाही. वहिनींनी या लग्नाला एका शब्दाने विरोध केला नव्हता. मुलीच्या सासरी त्या दोनदा जाऊन, चहा घेऊन आल्या होत्या. भांडी मात्र माळ्यावरच राहावीत अशी त्यांची इच्छा होती. आणि आम्ही, ज्यांनी दलित आत्मकथने वर्षानुवर्षे शिकवली, त्यांनी काय केले? आम्हांला हायसे वाटले. भाड्याच्या भांड्याला आजोबा नसतात. अनामत भरायची, मोजून घ्यायची, मोजून परत द्यायची. हरवलेल्या चमच्याचे पैसे कापून घेतात, त्यापलीकडे ते भांडे तुम्हांला काही विचारत नाही. आम्ही लिहिले : "भांडी – सर्व भाड्याने." आणि खाली, "पाणी – टँकर १, पिंपे ६."

ही ओळ लिहून झाल्यावर हात थांबला. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावात तळे होते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही होता. २० मार्चला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. मग मांडवात जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत गेले. पुढे तळे "शुद्ध" करण्यासाठी एकशे आठ घागरी पंचगव्य त्यात ओतले गेले. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली, आणि गावचे व्यापारी माल देईनात म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. हे सारे आम्ही वर्गात सांगितलेले आहे. तारखांसह, टिपण न पाहता. पण मांडव, पाणी, शिधा, घागरी हे शब्द लग्नाच्या यादीचेही शब्द आहेत, हे आम्हांला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, महाडहून दोनशे पाहुणे जेवायला यायचे असताना कळले. त्या माणसांना आम्ही आमच्या अंगणात बोलावून पुन्हा विकतचे पाणी, परक्या पिंपातून, देणार होतो.

तरीही आम्ही ती ओळ खोडली नाही. हे लिहून ठेवले पाहिजे.

भाड्याच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण उसनवारीच्या काळाविषयी गहिवरून लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि आम्हीही तसे लिहिलेले आहे. गाव एकत्र येई, भांडी घरोघरून येत, पंगती उठत, सारे खरे. पण त्या पंगतीत कोण कुठे बसेल हे पान मांडण्याआधीच ठरलेले असे, आणि काही माणसांचे पान मांडवाच्या बाहेर, सगळ्यांच्या शेवटी पडे. भाड्याच्या खुर्चीवर असे काही लिहिलेले नसते. पैशाने माणुसकी आटते म्हणतात. आमच्या गावात पैशाने निदान पंक्तिभेद आटवला आहे. फक्त एवढेच, की बाजाराने जे मिटवले त्याचे श्रेय आपण घेऊ नये.

लग्नाच्या दिवशी सकाळी सामानाचा टेंपो आला. खुर्च्या बरोबर, ताटे बरोबर, जनरेटर बरोबर. पिंपे सहाच्या जागी दोन, आणि त्यांतले एक तळाशी गळके. पुरवठादाराला दूरध्वनी केला तर तो दुसऱ्या लग्नात अडकलेला. टँकर दारात उभा, त्याला पुढच्या खेपेची घाई. बारा वाजत आले होते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो; माळ्याकडे पाहायचे धैर्य आमच्यापैकी एकालाही झाले नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, गळक्या पिंपाखाली पसरत चाललेले ओल पाहिले, आणि म्हणाल्या, "शिडी आणा."

पाच हंडे खाली आले. काळेठिक्कर पडलेले, तळाशी मेलेल्या कोळ्यांची जाळी. वहिनींनी चिंच भिजत घातली, मीठ काढले, पदर खोचला. वाडीत काम करणाऱ्या दोघी आल्या, आणि तेवढ्यात सकाळच्या गाडीने लवकर पोचलेल्या मुलाकडच्या दोन मावश्या, काही न विचारता, साड्या वर खोचून शेजारी बसल्या. अर्ध्या तासात तांबे तांब्यासारखे दिसू लागले. एका मावशींनी हंड्याच्या काठावरची अक्षरे बोटाने साफ करत पणजोबांचे नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, "हे कोण?" वहिनी म्हणाल्या, "आमचे थोरले." मग थोडे थांबून, "पोरीचे खापरपणजोबा." एवढेच बोलणे झाले. मग हंडे विटांवर ठेवले, पाणी भरले, वर ओली फडकी बांधली.

संध्याकाळी पाणी सांगितल्याप्रमाणे मागे गेले. हार घातले गेले. वाऱ्याने एक गजरा उडाला तो कोणाला सापडला नाही. पाच वाजता काढलेले नारळाचे दूध नऊ वाजेपर्यंत टिकले. बिरडे दोनदा कमी पडता पडता पुरले. व्याह्यांनी हंड्यातून स्वतः लोटा भरून घेतला आणि उभ्याने प्यायले. त्यांनी त्या पाण्याविषयी काही म्हटले नाही, आणि म्हणावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांला हक्कही नव्हता. रात्री शेवटची पंगत घरच्यांची बसली. त्या वेळी वहिनींनी पाणी हंड्यातले घेतले की स्वयंपाकघरातल्या माठातले, ते आम्ही पाहिले नाही. पाहायचे टाळले, असे म्हणणे अधिक खरे.

दुसऱ्या दिवशी भाड्याची भांडी मोजून परत गेली. चार चमचे आणि एक वाटी कमी भरली, अनामतीतून पैसे कापले गेले. हंडे परत माळ्यावर चढवायचे होते, पण शिडी धरायला कोणी नव्हते आणि वहिनींनीही तगादा लावला नाही. परवा गावी गेलो तेव्हा ते पडवीतच होते, पालथे घातलेले. त्यांतला एक नव्हता. विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, नारळ पाडणाऱ्याच्या नातवाची हळद आहे, त्याची आई मागायला आली होती.