महाडची वाट आणि दादांनी ओढलेली रेघ

२० मार्चला महाडला जायचे, हा आमच्या घरचा रिवाज. त्या दिवशी वस्तीवस्तीतून निघालेले ट्रक, एस.टी.च्या गाड्या आणि निळे झेंडे यांनी रस्ता फुलून जातो. आम्ही मात्र जातो ते दादांच्या बुलेटवर. दादा म्हणजे आमचे वडील. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. १९७५ सालची ही गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली आणि अखेरपर्यंत स्वतःच्या हाताने राखली. यंदा मागच्या सीटवर आमची लेक होती. ती आय.टी.आय.मध्ये मशिनिस्टचे शिक्षण घेते.

मुंबईहून महाड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पनवेल सुटले की कर्नाळ्याची खिंड, मग पेण, वडखळ, नागोठणे. खड्ड्यांनी हाडे खिळखिळी झाली, तिथे गाडीचे काय विचारता! सुकेळी खिंडीत बुलेटने दोन-तीन फटाके फोडले आणि ती गप्प झाली. किक मारली तर उलटा झटका पायाला बसला.

पेट्रोल होते, प्लगही ओला नव्हता. उलटा झटका म्हणजे ठिणगी भलत्या वेळी पडते आहे, हे दादांनी शिकवलेले. म्हणून सी.बी. पॉइंटचे झाकण उघडले.

आताच्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक डबी करते. जुन्या गाडीत ते दोन छोट्या धातूच्या टिकल्या करतात. टिकल्या चिकटलेल्या असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम त्यांना दूर सारतो, करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी मिळते. दूर सारतो म्हणजे किती, तर आमच्या गाडीत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर दोन माणसे आणि अख्खी गाडी घाट चढते. टिकल्या ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट जराशी फिरवली की ठिणगीची वेळ पुढेमागे होते. म्हणून तिला धरून ठेवणारे स्क्रू दिसायला किरकोळ, पण सारा कारभार त्यांच्या हाती.

त्यातला एक स्क्रू झाकणात पडला होता, दुसरा ढिला. प्लेट बोटाने फिरत होती.

लेकीने पडलेला स्क्रू उचलून उजेडात धरला. "बाबा, हा आपला नाही. हा पाच एम.एम.चा आहे."

इंग्रजी घराण्यातल्या जुन्या गाड्यांच्या इग्निशनमध्ये बारीक स्क्रू 'बी.ए.' मापाचे असतात. त्यातला दोन नंबरचा स्क्रू ४.७ मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या आट्यांतले अंतर ०.८१ मिलिमीटर. बाजारात सहज मिळतो तो पाच मिलिमीटरचा, त्याचे अंतर ०.८०. फरक इतका कमी की जोर लावला तर तो भोकात शिरतो, पण शिरताना अॅल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही वेळ नाही म्हणून गाडी एका गॅरेजात दिली होती. तिथे स्क्रू हरवला असणार आणि हाताला आला तो ठोकला असणार. खालची स्प्रिंग वॉशरसुद्धा घातली नव्हती. गॅरेजवाल्याचा राग आला, पण झाकण उघडून आम्हीही बघितले नव्हते!

दादांची तंबाखूची डबी हत्यारांच्या पिशवीत कायम असते. तंबाखू त्यांनी केव्हाच सोडली, पण डबी ठेवली ती स्क्रूंसाठी. तिच्यात बी.ए.चा एक लांब स्क्रू मिळाला. भोकाच्या तोंडाचे आटे गेले होते, तळाचे शाबूत होते. लांब स्क्रू तिथवर पोचला. मागे कुठे टेकत नाही ना, हे आधी पाहिले. स्प्रिंग वॉशर घातली. मग प्लेट कुठे ठेवायची, हा प्रश्न आला. लेकीने पेट्रोलच्या फडक्याने काजळी पुसली आणि प्लेटवर व बाहेरच्या अंगावर सुईने ओढलेली एक बारीक रेघ दिसली. दादांनी टायमिंग लावून खूण करून ठेवली होती. आम्हाला त्यांनी कधी सांगितल्याचे आठवत नाही.

रेघ जुळवली. पात्याच्या गेजने फट मोजली. स्क्रू आवळताना प्लेट किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहिले. ताकद बेतानेच लावली. असल्या स्क्रूला मनगट पुरते, खांदा लावला की मान तुटते. टिकल्यांच्या वायरीखालच्या फायबरच्या वॉशरही जागच्या जागी असल्याची खात्री केली. ती वॉशर उलटसुलट बसली आणि वायर अंगाला टेकली, तर ठिणगीच पडत नाही, आणि माणूस दिवसभर प्लग बदलत बसतो.

दुसऱ्या किकला बुलेट बोलली.

कोलाड, माणगाव, लोणेरे मागे टाकून दासगावला थांबलो. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला येताना बाबासाहेब इथेच उतरले. धरमतरहून बसवाले आपल्या माणसांना नेतील याचा भरवसा नव्हता, म्हणून सुमारे दोनशे जणांसह ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने आले आणि दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल सारे पायी गेले. त्याच २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. लेक खाडीकडे बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बाबा, झाकण परत उघडू या. रेघ हलली का बघू."

रेघ हलली नव्हती.

डावीकडे गांधारपाल्याची बुद्ध लेणी दिसू लागली तेव्हा ऊन कलले होते. महाडात गर्दी एवढी की गाडी लांबच लावावी लागली. हात काळे झाले होते. एका नळावर साबण लावून ते दोनदा धुतले आणि मग चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलो.